वजन उतरतंय, पण काटा म्हणतो स्नायूही घटतायत. काय करू?

दोन महिन्यांत ८२ वरून ७६ किलोवर आलात, पण घरचा बॉडी फॅटचा काटा स्नायू दोन किलोने घटल्याचं दाखवतोय, असं तुम्ही लिहिलंय. आठवड्याला पाऊण किलो हा वेग काही वाईट नाही. राहिला काटा. तसलाच एक माझ्याही घरी आहे.

मे महिन्यात एकदा सकाळी त्यावर उभा राहिलो, चरबी २७ टक्के. संध्याकाळी कारखान्यातून आलो, २४! सोलापूरचं ऊन कितीही कडक असलं तरी एका दिवसात तीन टक्के चरबी वितळत नाही. हे काटे तळपायातून बारीकसा करंट सोडतात. तो एका पायातून वर जातो, दुसऱ्यातून खाली येतो, आणि वाटेत अडथळा किती झाला त्यावरून हिशेब मांडला जातो. पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडखळतो. दिवसभर उभं राहून पायांत पाणी उतरलं की आकडा हलला. पोटापर्यंत करंट धड पोचतही नाही, आणि आपली सगळी इस्टेट तर तिथेच! शिवाय खाणं कमी केलं की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी आधी जातं. काटा तेही स्नायूंच्याच खात्यात मांडतो.

खरे स्नायू गेले की कसं कळतं, ते मी भोगलंय. पहिल्या खेपेला रात्रीचं जेवण बंद आणि सिद्धेश्वर तलावाला नुसत्या फेऱ्या. तीन महिन्यांत ११ किलो उतरले, गल्लीत कौतुक झालं. पण टॉवेलचा जो गठ्ठा एकटा टेम्पोत टाकायचो, त्याला दुसरा माणूस लागायला लागला.

आता आठवड्यातून तीनदा जोर, बैठका आणि डंबेल. वजन कमी करायचंय म्हणून डंबेल हलके करायचे नाहीत; हलके करण्याची चूक सगळे करतात. खाण्यात प्रोटीन वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुम्हाला ११०-११५ ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) चार अंडी २४, कोरडी मोजलेली १०० ग्रॅम तूरडाळ २२, सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्या २५, उरलेलं दही, पनीर, चिकन आणि ज्वारीच्या भाकरीतून. आपल्याकडे प्रोटीन म्हटलं की शेंगाचटणी पुढे करतात. दाण्यांत १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे, खरंय, पण निम्मं तेल आणि साडेपाचशेवर कॅलरी. मीही खातो, चमचाभर. घरचे तो चमचा कसा भरतात ते सोडून द्या.

मोजायला कारखान्यातल्या कटिंग टेबलावरची टेप घरी आणलीय. रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, बेंबीच्या रेषेत. पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडून मग वाचायचं. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात सलग किती जोर निघाले ते. काट्यावर उभं राहायचंच असेल तर त्याच वेळी राहा आणि महिन्याचा कल बघा. कंबर उतरतेय आणि जोर तेवढेच निघतायत, तर ते दोन किलो बहुतेक पाणीच. जोर निम्म्यावर आले असतील, तर आधी ताटातली डाळ वाढवा.