ऑक्टोबरच्या भरवशावर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी ई-मेल वाचली आणि आधी सरळ वैताग आला. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, एका क्लबात आकडेवारीच्या विभागात नोकरी चालून आली आहे, आणि तू विचारतेस, "काका, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज मारली. पैसेवालेच जिंकणार असतील तर मी त्या हात आखडणाऱ्या क्लबात जाऊन करू काय?" 'जा गं, छान होईल' म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील, त्यासाठी माझी गरज नाही. मला खटकलं ते वेगळंच. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी एका रात्रीच्या निकालावरून जगाचा कायदा काढते?

निकालावरून निर्णय मोजू नये. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

ती रात्र आठव. टोरोंटो, १ नोव्हेंबर २०२५, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना. नववी, म्हणजे एरवी शेवटची, इनिंग सुरू झाली तेव्हा टोरोंटोचे ब्लू जेज ४-३ ने पुढे होते. एक गडी बाद झाला, दोन उरले. बॅटिंगला आला मिगेल रोहास. नवव्या क्रमांकावर खेळणारा, हातमोज्याच्या, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या, जोरावर संघात टिकलेला, डॉजर्सच्या हिशेबात किरकोळ पगाराचा माणूस. त्याने होम रन (बेसबॉलमधला षटकारच म्हण) मारला आणि बरोबरी झाली. मग टोरोंटोची पाळी. तिन्ही बेस भरलेले, एकच बाद. एक धाव झाली की टोरोंटो विजेते. चेंडू रोहासकडेच गेला, तो अडखळला, तोल सावरत त्याने होम प्लेटकडे फेकला. झेल घेताना कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून उचलला गेला होता. तो परत टेकला आणि धावणाऱ्याचा पाय पोचला, यातलं अंतर रीप्लेमध्ये चित्र थांबवून थांबवून बघावं लागलं. बाद. अकराव्या इनिंगमध्ये त्याच स्मिथने होम रन मारला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले.

आता मला सांग, तो पाय एक पापणी लवेपर्यंत उशिरा टेकला असता तर तू मला कसली ई-मेल लिहिली असतीस? "काका, बघा, पैशाने काही होत नाही," हीच ना? पाय एक, निष्कर्ष दोन. आणि टोरोंटो तरी कुठे दरिद्री? त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी व्लादिमिर गरेरो ज्युनियरशी १४ वर्षांचा, ५० कोटी डॉलरचा करार केला होता.

हो, यामामोटो, डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून तो परत आला आणि शेवटच्या इनिंग त्यानेच सांभाळल्या. त्याचा करार १२ वर्षांचा, ३२.५ कोटींचा. तिथे पैसा दिसतो, मान्य. पैसा कामाला येत नाही असं मी म्हणतच नाहीये. पैशाने नेमकं काय विकत मिळतं, ते आधी नीट मांड, एवढंच म्हणतोय.

कागद घे, कॉम्प्युटर नको. समज एखादा संघ इतका चांगला आहे की ऑक्टोबरमधल्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या (प्लेऑफमधल्या), प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, प्रत्येक सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ५५ टक्के. बेसबॉलमध्ये हे पुष्कळ झालं, कारण या खेळात उत्तम संघही शंभरात चाळीसेक सामने हरतो. पाच सामन्यांची मालिका तो जिंकेल याची शक्यता येते ५९ टक्के. सात सामन्यांची, ६१. पहिल्या फेरीत सूट मिळाली असं धरलं तरी अशा तीन मालिका ओळीने जिंकायच्या, एक पाचाची आणि दोन साताच्या. गुणाकार कर. २२ टक्के. म्हणजे ऑक्टोबरमधला सगळ्यात भक्कम संघसुद्धा पाचात चार वेळा रिकाम्या हाताने घरी जाणार. पैशाने लग्नाचा हॉल मिळतो, मुहूर्ताला पाऊस थांबत नाही.

मग डॉजर्सकडे परत बघ. २०१३ ते २०२५, सलग तेरा वर्षं ते प्लेऑफमध्ये. चषक तीन: २०२०, २०२४, २०२५. तेराला २२ टक्क्यांनी गुण. किती आले? (५५ हा आकडा मी सोयीने निवडला, असं म्हणशील. म्हण. ५३ धर, ५७ धर, चित्र फारसं बदलत नाही.) २०२२ मध्ये त्यांनी १११ सामने जिंकले आणि ८९ जिंकणाऱ्या सॅन डिएगोने त्यांना पाच सामन्यांच्या मालिकेत घरी पाठवलं. २०२३ मध्ये १०० जिंकले आणि ८४ जिंकणाऱ्या ॲरिझोनाकडून तीन सामन्यांत तीन हरले. त्या दोन हिवाळ्यांत 'पैशाने चषक मिळत नाही' अशी प्रवचनं देणारी माणसं आता 'पैशाने बेसबॉलचा सत्यानाश केला' म्हणतायत. माणसं तीच. डॉजर्सची पद्धतही तीच. बदलला तो निकाल. आणि निकालावरून निर्णय मोजू नये.

डॉजर्सनी काय विकत घेतलं? दर वर्षी ऑक्टोबरमध्ये असण्याची जवळजवळ खात्री. आणि त्याहून मोठी गोष्ट, चुका पचवण्याची ताकद. चार महागडे पिचर खांदे धरून बसले तरी पाचवा तयार. टीव्हीचा २५ वर्षांचा, आठ अब्ज डॉलरच्या वरचा करार हाताशी असला की ही चैन परवडते. मिलवॉकीसारख्या लहान शहरातल्या क्लबला एक फसलेला करार पाच वर्षं मागे ढकलू शकतो.

आता माझ्या मेट्सबद्दल, न्यू यॉर्कच्या माझ्या लाडक्या क्लबाबद्दल, बोलतो. पोटात दुखतं, पण बोलतो. २०२३ मध्ये त्यांच्या पगाराचं बिल ३३ कोटी डॉलरच्या वर होतं, शिवाय मर्यादा ओलांडल्याचा कर १० कोटींवर. जिंकले ७५, हरले ८७. चाळिशीला टेकलेल्या शेरझर आणि व्हर्लँडर या पिचरांना वर्षाला प्रत्येकी ४.३ कोटी देऊन आणलं होतं. जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर दोघांनाही दुसऱ्या क्लबांच्या हवाली केलं आणि पगाराचा मोठा वाटा आपणच भरत राहिले. शेरझर टेक्सासला गेला आणि त्याच वर्षी टेक्सास विजेते झाले. चषक विकत घेतलाच म्हणायचा, फक्त दुसऱ्यासाठी. मग आला बॅटर ह्वान सोटो, १५ वर्षं, ७६.५ कोटी. २०२५ चं पहिलं वर्ष, ८३ विजय, शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या बाहेर.

असं का होतं हे तुला माहीत असायला हवं, कारण तुझं कामच तिथे आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली तीन वर्षं क्लब जवळजवळ किमान पगारावर त्याला राबवू शकतो. पुढची तीन लवादाची, म्हणजे पगारावर जमलं नाही तर तो लवाद ठरवतो. सहा वर्षं भरल्यावर तो मोकळा होतो, आणि तोवर तिशीजवळ आलेला असतो. बाजारात जो पैसा उधळला जातो तो बहुतेक वेळा संपत आलेल्या वर्षांवर. सगळ्यात चांगली वर्षं सगळ्यात स्वस्त असतात, म्हणून गरीब क्लब तग धरतात. आणि तीच वर्षं संपली की खेळाडू जातो, म्हणून ते टिकत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच नियमातून येतात. बाकी सगळा गोंगाट.

भारतातून बघणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटतं. आयपीएलमध्ये राखलेल्या खेळाडूंसकट संघ बांधायला प्रत्येकाची थैली सारखी, २०२५ साठी १२० कोटी रुपये. तिथे वाद खेळाडूच्या किमतीवर होतो, मालकाच्या खिशावर नाही. मेजर लीगमध्ये अशी सक्तीची कमाल मर्यादाच नाही, ठरावीक आकड्याच्या वर खर्च केला तर नुसता कर आहे. मालकांनी १९९४ मध्ये मर्यादा आणायचा हट्ट धरला, खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही.

तू २००२ च्या ओकलंडचं, कमी पैशात आकडेमोडीवर संघ बांधणाऱ्या क्लबाचं, उदाहरण दिलंयस. सगळेच देतात. बिल सुमारे ४ कोटी आणि विजय १०३. न्यू यॉर्कच्या यांकीजचं बिल त्याच्या तिप्पट, विजय तेही १०३. दोघंही पहिल्याच फेरीत गारद. लोक म्हणाले, बघा, आकडेमोड प्लेऑफमध्ये चालत नाही. मग यांकीजची तिजोरी तरी कुठे चालली? ओकलंडची पद्धत त्या हंगामापुरती शंभर टक्के बरोबर होती. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाकडून पाचवा सामना हरल्याने ती चुकीची ठरली नाही, जिंकले असते तरी ती आणखी बरोबर झाली नसती. अगं, एवढंच तर सांगतोय मघापासून!

पण दुसरी बाजू मला त्याहून जास्त चीड आणते. 'आम्ही लहान शहरातले, आमच्याकडे पैसा कुठे' म्हणणारे मालक. स्थानिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग सगळे क्लब एकत्र करतात आणि सारखा वाटतात. तो वाटा घ्यायचा आणि मैदानावर खर्चच करायचा नाही, ही गरिबी नव्हे, धंदा आहे. ओकलंडचं शेवटी काय झालं ते तू बघितलंसच. २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोत, लहान लीगच्या मैदानावर. आकडेवारीचा विभाग अशा मालकाच्या हाती लागला की त्याचं एकच काम उरतं: हात आखडण्याला शास्त्राची झालर लावणं. त्या कामाला तू जाऊ नयेस.

तू म्हणशील, काका एवढे का तापलेत. तर ऐक. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत मी वादळाच्या नुकसानीचे अंदाज बांधायचो. किनाऱ्यावरच्या घरांसाठी पुनर्विमा, म्हणजे कंपनीने स्वतःचा उतरवलेला विमा, वाढवा, असं मी लिहून दिलं. कंपनीने वाढवला, पैसे मोजले. वादळ आलं नाही. पुढच्या हंगामातही आलं नाही. भर मीटिंगमध्ये वरिष्ठ म्हणाले की यांच्या भीतीपायी एवढे लाख पाण्यात गेले, आणि माझं टेबल बदललं. जो माणूस 'काही होत नाही हो' म्हणत होता, त्याला बढती. नंतर वादळ आलं की नाही, हे मी तुला मुद्दाम सांगणार नाही. आलं असेल तर त्याने मी खरा ठरत नाही, आलं नसेल तर खोटाही ठरत नाही. हातात तेव्हा जी माहिती होती तिच्यावर तो सल्ला बरोबर होता. आजही तेच लिहीन, स्वल्पविरामासकट. तुझी काकू म्हणते, सोडा आता तो विषय. नाही सोडणार.

खंत आहे ती दुसरी. त्या टेबलावरून उठून जावं असं फार वाटत होतं. त्याच सुमारास बेसबॉल क्लब आकडे कळणारी माणसं शोधायला लागले होते. पण ग्रीन कार्डाची रांग, घराचे हप्ते, आणि 'खेळात कसली आलीय नोकरी' म्हणणारे सांगलीचे आमचे तात्या. बसून राहिलो. ते मात्र मनातून जात नाही. म्हणून तुझ्यावर खेकसतोय, हे कळतंय मला.

आता तुझ्या क्लबाकडे वळू. मिलवॉकीसारखा असेल तर डोळे मिटून जा. अगदी लहान शहर, आणि २०२५ मध्ये ९७ विजय, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. हंगामात डॉजर्सविरुद्ध सहाच्या सहा सामने जिंकले. ऑक्टोबरमध्ये त्याच डॉजर्सनी त्यांना चारच्या चार हरवलं, चारही सामन्यांत मिलवॉकीची धाव एकेकच. शेवटच्या सामन्यात डॉजर्सच्या ओतानीने एकट्याने तीन होम रन मारले आणि पिचर म्हणून दहा जणांना स्वतःच्या चेंडूंवरच (स्ट्राइकआउट) बाद केलं. याला उत्तर कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये नाही. मिलवॉकीच्या या क्लबाने, ब्रुअर्सनी, वर्ल्ड सिरीज एकदाही जिंकलेली नाही. तिथल्या आकडेवाल्यांनी काम वाईट केलं, असं म्हणायची तुझी हिंमत आहे?

मुलाखतीत 'चषक कधी' हे विचारू नकोस. हे विचार: स्वतः घडवलेल्या खेळाडूंपैकी सहा वर्षांनंतर तुम्ही शेवटचा कोणाला ठेवून घेतलंत? तुमच्या विभागाने 'याच्यावर खर्च करा' म्हटलं आणि मालकाने केला, असं शेवटचं कधी झालं? फक्त 'करू नका' तेवढंच ऐकलं जात असेल तर समजून जा. आणि एखादा सल्ला फसला की तो देणाऱ्याचं काय होतं, हेही विचार. माझ्यासाठी विचार हवं तर.

आणखी एक, व्यवहाराचं. खेळाडू आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालक पुन्हा पगाराच्या मर्यादेचा विषय काढतील आणि टाळेबंदी होऊ शकते. तसं झालं तर ऑफिसातल्या लोकांचे पगार चालू राहतील का, आणि तुझ्या व्हिसाचं काय, हे नेमणूकपत्रात लिहून घे. तोंडी आश्वासन चालणार नाही. पत्र आलं की सही करण्याआधी मला पाठव, शनिवारी सकाळी फोन कर. दुपारी मी नसतो.

तुझा,
काका