बाळाला त्या गोल सीटमध्ये किती वेळ ठेवायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. नणंदेनं तिच्या मुलीचं अॅक्टिव्हिटी सेंटर आणून दिलं, म्हणजे मधात कापडी सीट, भोवती खेळणी, बाळ त्यात उभं राहून गोल फिरतं, चाकं नाहीत. त्यात ठेवलं की तो एकदम खुश आणि माझ्या पोळ्या होऊन जातात. पण सासूबाई म्हणतात पाय वाकडे होतील, नणंद म्हणते काही नाही होत, पाऊण तास ठेव बिनधास्त. कोणाचं ऐकू? सध्या मी ते हॉलमध्ये कूलरसमोरच मांडून राहिली, गर्मीच एवढी आहे नं.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आधी कूलरचं बोलते, ते सीट आजच तिथून हलवा. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरतो हे नागपूरकरांना काय सांगायचं, आणि खाली पाणी सांडलेलं असतंच. बाळ फिरता फिरता हात लांब करतं, हाताला वायर लागली की ओढतं. कूलर, चार्जर, पडद्याची दोरी, खिडकी, गॅस या सगळ्यांपासून दूर आणि जिन्याजवळ तर नकोच नको. स्वयंपाकघरातून तुम्हाला तो सतत दिसला पाहिजे पण ओट्यापर्यंत त्याचा हात जायला नको, अशी जागा शोधा, आणि दाराची बेल वाजली तर त्याला उचलून घेऊनच जा.

आता पायांचं. थोडा वेळ ठेवल्यानं पाय वाकडे होत नाहीत, लहान बाळांचे पाय दीड-दोन वर्षांपर्यंत तसेही थोडे धनुकलीसारखे दिसतात. पण म्हणून नणंदबाईंचा पाऊण तास पण नाही! एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, बस. कारण तिथे त्याला सीट धरून ठेवते, स्वतःचं अंग स्वतः सावरायची मेहनत त्याला करावीच लागत नाही. मान, पाठ, पोट मजबूत होतं ते खाली सतरंजीवर पालथं पडून, लोळून, सरकून. उंची अशी लावा की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. तो चवड्यांवर उभा दिसला तर सीट उंच झाली आहे, खाली करा.

पाच महिन्यांचा आहे म्हणून चालेल असं समजू नका, मान पक्की धरतो का ते बघा. दिवस भरायच्या आधी झाला असेल तर महिने डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजा, जन्मतारखेपासून नाही, आणि डॉक्टरांना विचारून घ्या. पेंगायला लागला की लगेच उचलून सपाट गादीवर पाठीवर झोपवा, कारण बसल्या बसल्या झोपलं की मान पुढे पडते आणि श्वास अडू शकतो. चालायला लागला किंवा बाहेर चढायला बघू लागला की ते बंद. वजनाची मर्यादा त्याच्यावरच लिहिलेली असते, बऱ्याच मॉडेलला 11 किलोच्या आसपास.

वापरलेलं आहे नं, तर शिवण उसवली का, स्प्रिंगवरचं कापड फाटलंय का, स्क्रू हलतात का ते बघा. गाणं वाजवणाऱ्या खेळण्याचं सेलचं झाकण स्क्रूनं बंद पाहिजेच. बटण सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, असं झालं तर घरी वाट बघत न बसता सरळ हॉस्पिटल गाठा. आणि गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर सीटमध्ये ठेवायच्या आधी काढा, कुठे अडकला तर फास बसतो. सासूबाईंना वाईट वाटेल, तर काजळाची तीट लावा, कपाळावर, डोळ्यात नको.

प्रश्न : आमच्याकडे चाकं असलेला वॉकर पडून आहे, सात महिन्यांच्या मुलीला देऊ का? लवकर चालेल म्हणतात. — एक वाचक, इतवारी

उत्तर : नका देऊ. लवकर तर चालत नाहीच, उलट उशीर होऊ शकतो. वॉकरमधलं बाळ तुम्ही वळून बघेपर्यंत जिन्यापाशी पोचलेलं असतं, आणि इतवारीतले जुन्या घरांचे उभे जिने तुम्हाला माहीतच आहेत. कॅनडानं तर 2004 पासून यांच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. शेजारीपाजारी कोणाला देऊ पण नका, मोडून भंगारवाल्याला द्या.