शिक्षा भोगून आलेल्या मुलाने कामासाठी कुठून सुरुवात करावी?

प्रश्न : माझा २८ वर्षांचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात चार वर्षांची शिक्षा भोगून कळंबा कारागृहातून सुटला. आत सुतारकाम शिकला. दोन कंपन्यांनी पोलीस पडताळणीनंतर नकार दिला. ‘मधली वर्षं दुबईत होतो म्हणून सांग आणि पुण्याला जा,’ असं नातेवाईक सुचवतात. काय करावं? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पुण्याला जाऊ दे, पण दुबईची थाप नको. गाव बदललं तरी पोलिसांकडची नोंद तीच राहते. २०१६ साली अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की, पडताळणी अर्जात विचारलेली माहिती खरीच द्यावी लागते. दडवली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन मालकावर नाही, हेही खरं. म्हणून सध्या कंपन्या बाजूला ठेवा. सिक्युरिटी गार्डचंही नाव काढू नका, तिथे चारित्र्य पडताळणी कायद्यानेच लागते.

आधी कागद जमवा. सुटकेचा दाखला, निकालपत्राची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती. आत केलेल्या कामाचं प्रमाणपत्र मिळालं नसेल तर कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. बँक खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं, त्याचंही झालं असणार; केवायसी देऊन चालू करून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडा, नाहीतर पुढचं सगळं ओटीपीपाशी अडतं.

आता सुतारकाम. आत बहुधा सागवानी टेबल-खुर्च्या, बाकं बनवली असतील. बाहेर मागणी आहे ती प्लाय, सनमायका, ऑटो हिंज (आपोआप मिटणारी बिजागरी), ड्रॉवरच्या चॅनेलची. मिस्त्री म्हणून गेलेली मुलं इथेच फसतात: माप दोन मिलिमीटर चुकलं की शटर घासतं आणि मालक हिशेब करून मोकळा होतो. त्यामुळे आधी सहा महिने मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून राहू दे. मजुरी कमी मिळेल, चालेल. फक्त ती खात्यावर मागा. पुढे कर्जाच्या वेळी उपयोगी पडते.

शिक्षेबद्दल मालकाला पहिल्याच दिवशी सांगावं, कारागिरांना सांगायची गरज नाही. दोन वाक्यं पुरेत: ‘मारामारीत शिक्षा झाली, ती पूर्ण भोगली. आत सुतारकाम शिकलो, हे प्रमाणपत्र.’ भांडणात चूक कुणाची होती, ही कहाणी नको. सोबत ओळखीचं कुणी जामीनकीचा शब्द देणारं असलं तर काम लवकर जमतं.

हात बसला आणि स्वतःची कामं घेऊ लागला की पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत सीएससी केंद्रातून (सरकारी ऑनलाइन सेवांचं केंद्र) नोंदणी करा. ५ ते ७ दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. पाच वर्षांत मुद्रा कर्ज घेऊन ते फेडायचं राहिलं असेल तर अडचण येते, म्हणून घाईत मुद्राकडे धावू नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांनाही भेटा; सुटलेल्या बंद्यांचं पुनर्वसन त्यांच्याच कामात येतं.

पुण्यात खोली घेताना भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते. तेव्हा घरमालकालाही आगाऊ पैसे देण्याआधीच सांगून टाका, म्हणजे डिपॉझिट अडकणार नाही.