जुन्या थर्मोस्टॅटमागे चार वायरी, नव्याला स्क्रू तीनच: कोणती वायर कुठे लावावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, सेंट्रल हीटिंगचा भिंतीवरचा जुना, डायल फिरवण्याचा थर्मोस्टॅट काढून बॅटरीवर चालणारा डिजिटल थर्मोस्टॅट बसवायचा आहे. जुन्याच्या मागे अर्थची (अर्थिंगची) वायर धरून चार वायरी निघाल्या आहेत, नव्याच्या बेसप्लेटवर मात्र ‘कॉम’, ‘एनओ’ आणि ‘एनसी’ असे तीनच स्क्रू आहेत. तेव्हा अर्थ बाजूला ठेवून उरलेल्या तीन वायरी तीन स्क्रूंना लावाव्यात का? नाही, लावू नयेत. नव्या थर्मोस्टॅटला त्यांपैकी दोनच वायरी लागतात. तिसरी बहुधा न्यूट्रल असणार आणि ती ‘एनसी’ला लावली तर शॉर्ट सर्किट होईल.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. स्वतःच्या घरचा थर्मोस्टॅट पहिल्यांदा बदलला तेव्हा मीही नेमका हाच हिशेब केला होता: वायरी तीन, स्क्रू तीन, जमले. फेज ‘कॉम’ला लावली, बॉयलरकडे जाणारी वायर ‘एनओ’ला आणि उरलेली निळी ‘एनसी’ला. वीज चालू केली, तापमान २० अंशांवर ठेवले. बॉयलर पेटला, रेडिएटर तापले आणि मी समाधानाने हत्यारे आवरून ठेवली. तासाभराने खोली २० अंशांवर पोहोचली, थर्मोस्टॅटमधून टक् असा आवाज आला आणि त्याच क्षणी बॉयलर, पंप, टायमर सगळेच बंद पडले. ३ अँपिअरचा फ्यूज उडाला होता. दुसरा बसवला, तोही तत्काळ उडाला. रात्रभरात खोली थंड झाल्यावर सकाळी तिसरा बसवला, तर काहीच न घडल्यासारखे सगळे सुरळीत चालू झाले आणि खोली तापताच पुन्हा अंधार! दोष पंपाचा असावा असे धरून मी अर्धा दिवस त्याच्यामागे घालवला. खरे कारण एवढेच होते की, खोली थंड असेपर्यंत आतला रिले, म्हणजे विजेने सरकणारे छोटे बटण, फेज ‘एनओ’शी जोडून ठेवत होता आणि खोली तापली की ती ‘एनसी’कडे वळवत होता, तिथे मी न्यूट्रल लावून ठेवली होती. रिलेचे संपर्क जळून चिकटले नाहीत, हे माझे नशीब.

थर्मोस्टॅट म्हणजे दिव्याच्या बटणासारखेच एक बटण आहे; फरक इतकाच की ते बोटाने न दाबता तापमानाने दाबले जाते. एका वायरीने फेज त्याच्यापर्यंत येते आणि खोली थंड असेल तर दुसऱ्या वायरीने बॉयलरकडे परत जाते. या दुसरीला मी पुढे ‘परतीची फेज’ म्हणतो. ‘कॉम’ म्हणजे सामाईक टोक. ‘एनओ’ हे एरवी उघडे असणारे टोक उष्णतेची मागणी असतानाच ‘कॉम’शी जोडले जाते, तर ‘एनसी’ हे एरवी जोडलेले असते. त्यामुळे साध्या हीटिंगसाठी येणारी फेज ‘कॉम’ला आणि परतीची फेज ‘एनओ’ला लावावी, ‘एनसी’ रिकामा राहतो आणि तसाच राहू द्यावा. परतीची फेज चुकून ‘एनसी’ला गेली तर फ्यूज उडत नाही, पण थंड खोलीत बॉयलर बंद आणि गरम खोलीत चालू असा उलटा कारभार सुरू होतो.

मग जुन्या थर्मोस्टॅटला न्यूट्रल कशासाठी होती, असे तुम्ही विचाराल. त्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी किंवा वायू भरलेली डबी असते आणि हवेतली ऊब तिच्यापर्यंत सावकाश पोहोचते. डबीला जाग येईपर्यंत खोली हवी त्यापेक्षा अधिक तापलेली असते. यावर उपाय म्हणून उत्पादक परतीची फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर बसवतात. बॉयलर चालू असेपर्यंतच तो किंचित तापतो, थर्मोस्टॅटला आतून ऊब देतो आणि त्याला जरा लवकर बंद व्हायला लावतो. मला ही युक्ती फार आवडते; यंत्राला खोटे सांगून त्याच्याकडून खरे काम करून घ्यायचे. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटचा सेन्सर छोटा आणि चपळ असतो आणि आतल्या चिपला वीज बॅटरी पुरवते, म्हणून त्याला न्यूट्रल नको असते. ती वायर कापू नका, नुसती टेप गुंडाळूनही सोडू नका. एकेरी कनेक्टरमध्ये घट्ट बसवून भिंतीतल्या बॉक्समध्ये सरकवून ठेवा. अर्थचेही तसेच करावे. नव्या बेसप्लेटवर तिच्यासाठी वेगळी जागा दिलेली असेल तर तिथे बसवावी. मात्र एखाद्या थर्मोस्टॅटला स्वतःलाच मेनची वीज लागत असेल तर त्याच्यावर ‘एल’ आणि ‘एन’ असे स्क्रू असतात आणि तिथे न्यूट्रल जोडावीच लागते. त्यामुळे सोबतच्या पत्रकातली आकृती पाहिल्याशिवाय एकही स्क्रू पिळू नये.

वायर ओळखताना रंगावर विसंबू नका. तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल हा नियम खरा, पण थर्मोस्टॅटपर्यंत दोनच तारांची केबल ओढलेली असेल तर निळी तारच परतीची फेज म्हणून वापरलेली असते. नीट काम करणारा तिच्या टोकावर तपकिरी स्लीव्ह चढवतो. सगळेच नीट काम करतात असे नाही. त्यापेक्षा जुन्या थर्मोस्टॅटवर प्रत्येक स्क्रूशेजारी छापलेली खूण अधिक विश्वासाची असते. वायरी सोडवण्यापूर्वी खुणा दिसतील असा फोटो काढावा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी.

वीज बंद करताना बॉयलरचे स्वतःचे बटण पुरेसे नाही, कारण ते बंद केले तरी थर्मोस्टॅटकडे येणारी फेज जिवंत राहू शकते. संपूर्ण हीटिंगला वीज देणारा फ्यूजचा स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने वायरी मृत असल्याची खात्री करा. तो टेस्टर आधी आणि नंतर एखाद्या चालू सॉकेटवर तपासून घ्यावा. दिवा लागणाऱ्या स्क्रूड्रायव्हरवर मी जीव टांगणार नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर उलट दिशेने फसवतो: शेजारच्या जिवंत तारेमुळे, कुठेही न जोडलेल्या तारेवरही तो कित्येक व्होल्ट दाखवतो.

खरोखर थर्मोस्टॅटच बिघडला आहे का, हेही आधी पाहून घ्यावे. वीज बंद असताना फेज आणि परतीची फेज या दोनच वायरी एका कनेक्टरमध्ये एकत्र जोडा, बाकीच्या सुट्या झाकून ठेवा, टायमर चालू स्थितीत ठेवा आणि मग वीज द्या. बॉयलर पेटला तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही पेटला तर नवा थर्मोस्टॅट आणूनही उपयोग नाही, कारण बिघाड टायमर, मोटरचा व्हॉल्व्ह किंवा बॉयलर यांपैकी कशात तरी आहे. बॉयलरचे झाकण उघडावे लागेल अशा टप्प्यावर मात्र परवानाधारक माणसाला बोलवावे.

आतापर्यंतचे सगळे २३० व्होल्टच्या जोडणीबद्दल झाले. जुन्या थर्मोस्टॅटच्या स्क्रूंवर ‘आर’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, ‘जी’, ‘सी’ अशी अक्षरे असतील तर ती २४ व्होल्टची पद्धत आहे: ‘आर’वर ट्रान्सफॉर्मरकडून वीज येते, ‘डब्ल्यू’ हीटिंग चालू करते, ‘वाय’ कूलिंग, ‘जी’ पंखा, आणि ‘सी’ ही ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी सामाईक वायर. तिथे अक्षरे जुळवून वायरी लावाव्यात. ‘आर’ आणि ‘सी’ एकमेकांना टेकले तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जातो. काही बॉयलरमध्ये रूम थर्मोस्टॅटची टर्मिनले कमी व्होल्टेजची असतात, ओपनथर्मची (थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांच्यातल्या डिजिटल संवादाच्या पद्धतीची) दोन तारांची जोडणीही तशीच असते, आणि तिथे चुकून मेनची फेज गेली तर बॉयलरचा सर्किट बोर्ड जळतो. या चुकीपुढे माझे तीन फ्यूज म्हणजे अगदी स्वस्तातला धडा होता.

जागा बदलायची असेल तर जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन, वाऱ्याचा झोत आणि रेडिएटर यांपासून दूर बसवा. त्या खोलीतल्या रेडिएटरला स्वतःचा तापमान-व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर व्हॉल्व्ह रेडिएटर बंद करतो आणि थर्मोस्टॅट मात्र उष्णता मागतच राहतो. नव्या थर्मोस्टॅटमध्ये वेळापत्रक असेल तर जुना टायमर कायम चालू स्थितीत ठेवावा. जुन्यात पाऱ्याची काचेची कुपी दिसली तर तो कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या.

जोडणी झाल्यावर तापमान खोलीच्या वर नेऊन बॉयलर पेटतो का ते पाहाल, पण तेवढ्यावर थांबू नका. मग तापमान खोलीच्या बरेच खाली आणा, टक् असा आवाज येऊ द्या आणि बॉयलरची ज्योत विझते का, तसेच फ्यूज शाबूत आहे का ते पाहा. मी त्या दिवशी हीच दुसरी बाजू तपासली नव्हती. ज्योत विझल्यावरही पंप काही मिनिटे फिरत राहिला तर घाबरू नका. बॉयलरमधली उरलेली उष्णता तो बाहेर काढत असतो.