नव्या गाडीच्या काचेवर आतून येणारा धुरकट थर कसा काढावा?

आपण विचारले आहे की गाडी घेऊन वर्षही झालेले नाही, तरी पुढच्या काचेवर आतून धुरकट थर साचतो आणि पुसला की रेघा उमटतात, तेव्हा कोणता स्प्रे घ्यावा. शिवाय घरच्यांच्या मते थर वगैरे काही नाही, आपल्याच चष्म्याचा नंबर वाढला असावा, असेही आपण लिहिले आहे. स्प्रेचे पुढे सांगते. पण आपल्याला डोळे तपासायला पाठवणाऱ्यांनी आधी त्या काचेवरून आतल्या बाजूने एक बोट फिरवून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा थर धुळीचा नसतो. गाडीच्या आत जे मऊ प्लास्टिक आणि कृत्रिम चामडे असते, ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. त्या उष्णतेने ही द्रव्ये थोडी थोडी वाफ होऊन सुटतात आणि संध्याकाळी काच निवली की तिच्यावर जाऊन बसतात. गाड्या बनवणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. जर्मनीच्या डीआयएन ७५२०१ या मानकात यासाठी स्वतंत्र चाचणीच आहे. डॅशबोर्डच्या साहित्याचा तुकडा १०० अंशांवर तापवायचा, वर थंड काच ठेवायची आणि तिच्यावर किती थर जमला ते मोजायचे. त्यामुळे नव्या गाडीत असा थर येणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला ही माहिती नाही एवढेच समजावे. त्यात आपल्या श्वासातली वाफ, हातांचे तेल, सिगारेट आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर यांची भर पडते.

आपला प्रश्न वाचून मी लिहायला बसले, कारण हाच वाद आमच्या घरात झाला आहे आणि माझ्या मते तो अजून मिटलेला नाही. आमचे अण्णा एस.टी.त चालक होते आणि सगळी नोकरी त्यांनी कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर केली. पावसात वायपर बंद पडला तर काचेला बाहेरून तंबाखू चोळून गाडी डेपोपर्यंत आणणाऱ्या पिढीतले ते. निवृत्तीनंतर दादाने नवी गाडी घेतली आणि घाटात ती अण्णांनीच चालवायची, असा घरात अलिखित नियम होता. एका पावसाळ्यात साखरप्याचे लग्न आटोपून आम्ही रात्री आंबा घाट चढत होतो. समोरून एक ट्रक वळणावर आला, त्याचे दिवे काचेवर पडले आणि संपूर्ण काच दुधासारखी पांढरी झाली. मी शेजारच्या सीटवर होते. मला त्या पांढऱ्या पडद्यात कापडाने पुसल्याचे अर्धगोल फराटे स्पष्ट दिसले, रस्ता मात्र दिसला नाही. अण्णांनी वेग कमी केला, ट्रक गेल्यावर गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि म्हणाले, “काचेत काहीतरी आहे.” दादाने पुढे येऊन चाक हातात घेतले आणि घरी पोहोचेपर्यंत निकाल लागलेला होता की अण्णांचे डोळे गेले, आता रात्री त्यांच्या हातात गाडी द्यायची नाही.

ज्या माणसाने उभे आयुष्य घाटात काढले, तो “काचेत काहीतरी आहे” म्हणतो, तेव्हा निदान काच बघावी, हे दादाला सुचले नाही, याचा मला आजही राग आहे. अण्णांना या थराचे कारण ठाऊक नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. त्यांच्या काळच्या एस.टी.त पुढे पत्रा असायचा, खिडक्या उघड्या असायच्या आणि वारा आरपार वाहायचा. काचेवर आतून तेल बसावे असे तिथे काही नव्हतेच. दादाने मात्र घाईने अण्णांसाठी पिवळ्या काचांचा ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मा आणला. असा चष्मा डोळ्यांत जाणारा प्रकाश आणखी कमी करतो. रात्री आधीच उजेड अपुरा असताना तो घालणे चुकीचे आहे आणि तो कोणी घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी पांढरे सुती फडके घेऊन काचेचा खालचा कोपरा घासला. फडके सरळ सरकत नव्हते, अडखळत होते, आणि उचलले तेव्हा त्यावर पिवळसर करडा, चिकट डाग होता. दादा म्हणाला की हा रस्त्याचा धूर आहे. म्हणून मी काचेच्या मधोमध उभी चिकटपट्टी लावली, चालकाच्या बाजूची अर्धी काच नीट साफ केली आणि डावी अर्धी तशीच ठेवली. रात्री गल्लीत गाडी उभी करून समोर शेजाऱ्यांची मोटरसायकल हेडलाइट लावून उभी केली आणि आधी अण्णांना व मग दादाला चालकाच्या जागी बसवून डोके डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितले. उजव्या अर्ध्या काचेतून दिवा दिव्यासारखा दिसत होता आणि त्याच्या मागचे फाटकही दिसत होते. डावीकडच्या अर्ध्या काचेतून तोच दिवा पसरून फाटक गिळून टाकत होता. दादा म्हणाला, “ते ठीक आहे, पण वय झालेच आहे ना.” आपल्या घरी वाद असेल तर हीच परीक्षा करावी. तिला फारसा खर्च नाही आणि कोणाच्या मताला त्यात जागा नाही.

आता साफ कशी करायची ते सांगते. गाडी सावलीत आणि काच थंड असावी. गरम काचेवर द्राव पुसण्याआधीच वाळतो आणि रेघा उमटतात. पहिल्या फेरीत अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने तेल सुटेपर्यंत पुसावे आणि नंतर साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने साबण काढून घ्यावा. दुसऱ्या फेरीत औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्यावे, काचेवर फवारू नये, कारण ते ओघळून डॅशबोर्डवर आणि स्पीकरच्या जाळीत जाते. दारे उघडी ठेवावीत आणि जवळ उदबत्ती किंवा सिगारेट नसावी, कारण ते पेट घेते. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे आणि कापडाची घडी वारंवार पालटावी. रेघा राहतात त्या बहुतेक वेळा एकाच कापडाने तेच तेल पुन्हा काचेवर पसरल्यामुळे. हे कापड धुताना सुगंधी कंडिशनर वापरू नये, त्याचाही थर काचेवर येतो. आतून पुसताना हात उभा चालवावा आणि बाहेरून आडवा, म्हणजे राहिलेली रेघ कोणत्या बाजूची आहे ते तिच्या दिशेवरूनच कळते. आजच्या गाड्यांची पुढची काच इतकी तिरपी असते की खालच्या कोपऱ्यात तळहात पोहोचत नाही. तिथे शेजारच्या सीटवर बसून, हाताची मागची बाजू काचेकडे करून, बोटांभोवती कापड गुंडाळून पुसावे. वॉशिंग सेंटरवाले नेमका हाच पट्टा सोडतात. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या, तारा असतील तर तारांच्या दिशेनेच पुसावे आणि तिथे पाते किंवा खरखरीत घासणी कधीही लावू नये. आरशामागे कॅमेरा असेल तर त्याच्या भागाला हात लावू नये.

काम झाले की नाही हे ओळखायला काचेवर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडावी. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी पसरते आणि क्षणात उडते. थर राहिला असेल तर त्या वाफेत कापडाचे फराटे, बोटांचे ठसे आणि पूर्वी कोणी काढलेली अक्षरेसुद्धा उमटतात. याच कारणाने तेलकट काच पावसाळ्यात जास्त त्रास देते. पाणी तिच्यावर सपाट पसरण्याऐवजी बारीक थेंबांनी बसते, तो प्रत्येक थेंब समोरचा प्रकाश विखुरतो आणि ब्लोअर लावूनही धुके हटत नाही.

स्प्रेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की स्प्रे घेण्याआधी डॅशबोर्डचे पॉलिश बंद करावे. गाडी धुऊन झाली की पोरगा येऊन डॅशबोर्डवर चकाकणारे सिलिकॉनचे पॉलिश मारतो, गाडी नवी दिसते आणि मालक खूश होतो. दादालाही ती चकाकी फार प्रिय होती. तेच पॉलिश उन्हात सुटून काचेवर जाऊ शकते. त्याशिवाय दिवसा त्या चकचकीत पृष्ठभागाचे प्रतिबिंब काचेत पडते ते वेगळेच. ओल्या कापडाने पुसलेला, निस्तेज दिसणारा डॅशबोर्ड हाच चांगला डॅशबोर्ड. उन्हात गाडी उभी करताना सनशेड लावावी, निघताना दोन मिनिटे सगळ्या खिडक्या उघडाव्यात आणि एसी सतत आतलीच हवा फिरवत ठेवू नये. नव्या गाडीतले हे सुटणे हळूहळू कमी होत जाते, पण पॉलिश चालू असेपर्यंत थांबत नाही. काचेवर फिल्म लावली की चकाकी कमी होईल, असा सल्लाही आपल्याला मिळेल. तो मानू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वरून फिल्म चिकटवण्यास मनाई केली. आणि थर तर फिल्मवरही बसतोच.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. एक, पुसल्यावर एक-दोन दिवसांत काच पुन्हा ओलसर, चिकट होत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी उतरत असेल, तर तो हीटरमधून गळणारा कूलंट असू शकतो. तेव्हा पुसत बसू नये, गाडी मेकॅनिककडे न्यावी. दुसरी गोष्ट डोळ्यांची. मोतीबिंदूनेही रात्री दिव्यांभोवती असेच वलय दिसते, म्हणून गाडीतून खाली उतरून रस्त्यावरच्या दिव्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा आपल्या नेहमीच्या चष्म्यातून पाहावे. तिथेही दिवा पसरत असेल तर डॉक्टरांकडे जावे. फक्त गाडीच्या काचेतून पसरत असेल, तर दोष काचेचा धरावा. अण्णांच्या तपासणीत मोतीबिंदूची अगदी प्राथमिक सुरुवात निघाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत घेतली नाही. दादा अजून त्यातल्या ‘सुरुवात’ या शब्दावर बोट ठेवतो. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो आणि त्यासाठी नमुना १-अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, म्हणजे चालकाचे वय लक्षात घेण्याची व्यवस्था कायद्यात आहेच. ते काम घरातल्या कोणी काच न पुसता, एका रात्रीत, गाडीची किल्ली काढून घेऊन करण्याचे नाही.

आपण डोळे अवश्य तपासून घ्यावेत, पण काच आधी पुसावी, आणि ज्यांनी नंबर वाढला असे म्हटले त्यांना त्या रात्री चालकाच्या जागी बसवावे.