इम्प्लांट काढण्याआधी एआरटीच्या बाटलीवरचं नाव वाचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दंडात लेव्होनॉरजेस्ट्रेलचं इम्प्लांट (दिवस राहू नयेत म्हणून कातडीखाली बसवतात त्या हार्मोनच्या बारीक सळ्या) बसवून वर्ष होत आलंय, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचं औषध म्हणून एफाविरेन्झ असलेली रात्रीची एक गोळी चालू आहे, आणि आता कुणीतरी सांगितलं की हार्मोन एचआयव्हीच्या औषधाला मारतात, तेव्हा इम्प्लांट काढून टाका.

सांगणाऱ्याने गोष्ट नेमकी उलटी सांगितली. गर्भनिरोधकातल्या हार्मोनमुळे एआरटीचं काम बिघडत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढत नाही. त्या भीतीने एआरटीची एकही गोळी चुकवू नका. बिघडू शकतं ते गर्भनिरोधकाचं काम, आणि तेही सगळ्या एआरटीने नाही. तुमच्याबाबतीत कारण एफाविरेन्झ आहे.

होतं असं. लिव्हरमधलं सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम ही हार्मोन मोडून बाहेर काढतं. एफाविरेन्झ पोटात गेलं की शरीर हे एन्झाइम जास्त बनवायला लागतं. इम्प्लांटमधून रोज झिरपतं ते हार्मोन मुळातच अगदी थोडं, आणि तेही भराभर निकालात निघतं. दंडावर बोट फिरवलं तर सळ्या जागच्या जागी लागतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. रक्तात मात्र हार्मोन कमी पडलेलं असतं. युगांडातल्या एका अभ्यासात (२०१६ साली छापून आला) एफाविरेन्झ घेणाऱ्या आणि तुमच्यासारखंच इम्प्लांट असलेल्या २० जणी होत्या. त्यांच्या रक्तातलं हार्मोन एआरटी न घेणाऱ्या बायकांच्या निम्म्याच्या आसपास निघालं. तिघींना दिवस राहिले, आणि तिघींनाही ३६ ते ४८ आठवड्यांच्या दरम्यान. अभ्यास लहान आहे, मान्य. पण इम्प्लांट बसवलेल्या शंभरात एखादीलाही सहसा दिवस राहत नाहीत, तिथे २० मध्ये तिघी म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. एकाच सळीचं, इटोनोजेस्ट्रेलचं इम्प्लांटही एफाविरेन्झसोबत असंच कमजोर पडतं.

म्हणून आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, आजच. पाळीवर विसंबू नका. इम्प्लांटमुळे ती एरवीही अनियमित होते, त्यामुळे चुकली काय आणि आली काय, त्यावरून काही कळत नाही. आणि कंडोम सुरू करा.

मग डॉक्टरांना सरळ विचारा: मला डोल्युटेग्राविरवर बदलता येईल का? टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तिन्ही मिळून एक गोळी येते. यातलं एकही औषध गर्भनिरोधकाचं हार्मोन कमी करत नाही. २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली होती की डोल्युटेग्राविरने बाळाच्या मणक्यात दोष होऊ शकतो, आणि तेव्हा बऱ्याच बायकांना एफाविरेन्झवरच ठेवलं गेलं. पुढची आकडेवारी आली तसा तो धोका अगदी कमी दिसला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं. तुम्ही अजून जुन्या गोळीवर का आहात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र औषध बदललं म्हणून दुसऱ्या दिवसापासून निर्धास्त होऊ नका. वाढलेलं एन्झाइम उतरायला वेळ लागतो, साधारण चार आठवडे तरी कंडोम ठेवा. त्यानंतर तेच इम्प्लांट तुम्हाला उपयोगी पडेल. मग काढायचं कशाला?

काही कारणाने एफाविरेन्झच चालू ठेवावं लागलं, तर सगळ्यात बिनघोर तांबी. तिच्यात हार्मोनच नाही. हार्मोनवाली आययूडी, म्हणजे तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं साधन, तीसुद्धा चालते, कारण तिचं काम मुख्यतः गर्भाशयातल्या गर्भाशयातच होतं. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा डोस (१५० मिलिग्रॅम) इतका भरपूर असतो की एफाविरेन्झने त्याचं काम बिघडत नाही. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यातलंही हार्मोन कमी होतं, त्यात एखादी गोळी विसरली की संपलंच.

टीबी झाला तर सगळं गणित बदलतं. टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे एन्झाइम वाढवण्यात एफाविरेन्झपेक्षाही जबर औषध आहे. गोळ्या आणि इम्प्लांट दोन्ही त्यापुढे टिकत नाहीत, डोल्युटेग्राविरसुद्धा दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. रिफॅम्पिसिन आणि एफाविरेन्झ एकत्र असतील तर इंजेक्शनही बारा आठवडे पुरेल याची खात्री नाही, ते आधी घ्यायचं का हे डॉक्टरांना विचारावं. फिट्सच्या कार्बामॅझेपिन आणि फेनिटोइन या औषधांचाही असाच त्रास आहे. त्यामुळे एआरटीच्या डॉक्टरांना बाकीची औषधं आणि बाकीच्या डॉक्टरांना एआरटी, दोन्हीकडे सांगायला लागतं. लाज वाटते, माहीत आहे. निदान गोळ्यांची नावं तरी कागदावर लिहून पुढे करा.

कंडोम फाटला तर: एफाविरेन्झ चालू असताना लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी नेहमीच्या १.५ मिलिग्रॅमऐवजी दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम घ्यायला सांगतात. डोल्युटेग्राविरवर असाल तर नेहमीचाच डोस पुरतो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची, आणि पुढे काही वर्षं तोच उपाय राहतो.

रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटवाल्या एचआयव्हीच्या औषधांचं तुम्हाला सध्या कारण नाही, ते कधी सुरू झालंच तर परत विचारा. तिथे कोणतं हार्मोन वाढतं आणि कोणतं कमी होतं, ते औषधागणिक बदलतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. डोल्युटेग्राविरवर गेल्यावर कधी रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यात, तर पाकीट नीट बघा. २८ गोळ्यांच्या काही पाकिटांत शेवटच्या सात गोळ्या वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या असतात. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात, मग ते रक्तात नीट उतरत नाही. लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी डोल्युटेग्राविर घ्या. तेवढं लक्षात राहत नसेल तर दोन्ही एकदमच घ्या, पण भरल्या पोटी.