तलावाच्या काठावर गृहप्रकल्प येतोय, विरोध कसा करायचा?

मोर्च्याआधी कागद हातात घ्या. सातबारा आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा; तलावासाठी सरकारने संपादित केलेलं क्षेत्र विकलं गेलेलं असेल तर तिथेच मोठा मुद्दा सापडतो. माहिती अधिकारात (१० रुपये शुल्क, ३० दिवस) जलसंपदा विभागाकडून तलावाची पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती) आणि संपादन नकाशा मागा, नियोजन प्राधिकरणाकडून (महापालिकेसारखी बांधकाम परवानगी देणारी संस्था) मंजूर लेआउट. दोन्ही नकाशे गट क्रमांकानुसार एकमेकांवर ठेवून पाहा. इमारत, भराव किंवा सांडपाण्याची वाहिनी तलावाच्या बुडीत किंवा संपादित क्षेत्रात येते का, हे तिथे दिसतं.

बहुतेक जण पाणथळ नियम २०१७ वर (पाणथळ जागा जपण्यासाठीचे केंद्राचे नियम) विसंबतात आणि अडकतात. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत. नैसर्गिक तळं असेल तरच तो आधार घ्या.

जमिनीचा वापर बदलण्याची सूचना निघाली असेल तर हरकत मुदतीतच, लेखी द्या आणि पोच घ्या. पत्रात गट क्रमांक, पातळी, नियम लिहा; शंभर जणांच्या एकसारख्या छापील पत्रांपेक्षा असं एक पत्र जास्त टिकतं.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. जनसुनावणीची वाट पाहू नका, गृहप्रकल्पांना ती लागू नाही. पर्यावरण मंजुरीचे अर्ज जिथे येतात त्या केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर प्रकल्पाचा अर्ज शोधत राहा. मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायालय) अपील ३० दिवसांत करायचं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद.